कडकभाऊंच्या घराची पाहणी

कडकभाऊंना लोकांनी खऱ्या नावानं हाक मारायचं सोडून इतकी वर्षं झाली होती, की एकदा दवाखान्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा ते स्वतःच इकडेतिकडे बघत बसले, कोणाला बोलावताहेत म्हणून. धंदा इस्त्रीचा. दोन खोल्यांचं घर, त्यातल्या पुढच्या खोलीत रस्त्याकडे तोंड करून टेबल, टेबलावर चौपदरी जाड कांबळं, बाजूला पाण्याचं भांडं आणि मागं घड्यांची चळत. त्यांच्या हाताखालून गेलेली शर्टाची कॉलर संध्याकाळपर्यंत ताठ राहायची, मग आतला माणूस दिवसभरात कितीही वाकलेला असो. म्हणून कडकभाऊ. माणूस मात्र मेणासारखा मऊ, आणि वर हट्टी. असली माणसं दुसऱ्याचं काही बिघडवत नाहीत, स्वतःचं मात्र पुरतं वाटोळं करून घेतात, आणि तेही कोणाला कळू न देता.

मागच्या खोलीत त्यांची बायको खाटेवर होती. अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही अर्धं गेलं. उरलेलं अर्धं तुटत तुटत यायचं. पुढं आठवणही विरळ होत गेली. एके काळी हिच्या जिभेला अख्खी गल्ली वचकून असायची. "तुमचा रागसुद्धा घडी घातलेला असतो हो," असं ती नवऱ्याला म्हणायची, आणि ते खरंच होतं. भांडण झालं की कडकभाऊ न बोलता तिची पोलकी जास्तच कडक इस्त्री करायचे, बस्स.

आता दिवस असा जायचा. दोन शर्ट झाले की इस्त्री टेबलावर उभी करून आत जायचं आणि तिची कूस बदलायची. आणखी दोन झाले की तिला पाणी पाजायचं, तेही चमच्यानं, नाहीतर ठसका लागायचा. मग तिच्या काखेत हात घालून उचलायचं, भोक पाडलेल्या लाकडी खुर्चीवर बसवायचं, आटोपलं की धुवायचं, पुसायचं आणि परत उचलून खाटेवर ठेवायचं. अंगानं ती काही चिमणी नव्हती. रात्रीही हेच, फक्त मध्ये शर्ट नसायचे. दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं म्हणतात. यांच्याकडचा हत्ती आला तो बसकण मारूनच बसला.

या उचलाउचलीत कडकभाऊंच्या जांघेत एक गाठ उतरली. आधी सुपारीएवढी होती, नंतर चांगली मूठभर झाली. त्यांनी टॉवेलाची घडी करून त्यावर ठेवली, वरून रुंद पट्टा आवळला आणि काम चालू ठेवलं. डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा आधी त्यांच्याकडं आणि मग पट्ट्याकडं बघितलं.

"हर्निया आहे. ऑपरेशन करावं लागेल, आणि लवकर. आतडं अडकलं तर जीवावर बेतेल. नंतर दीड महिना काहीही उचलायचं नाही."

"काहीही म्हणजे?"

"पाण्याची बादलीसुद्धा नाही."

कडकभाऊ हसले. त्यांना खरोखरच हसू आलं. बादलीचं सोडा, तिला कोण उचलणार? लेक दूरच्या गावी, तिच्याही घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. माणूस ठेवायचा तर इस्त्रीच्या मिळकतीत ते बसत नव्हतं. डॉक्टरांनीच मग अर्ज लिहून दिला आणि सांगितलं की सरकारी काळजी केंद्रात थोड्या दिवसांसाठी आजारी माणसाला ठेवून घेतात. खाटा मोजक्याच आहेत, त्यामुळं आधी घरी येऊन पाहणी करतात. "बाई येतील, त्यांना सगळं खरं खरं दाखवा," एवढं मात्र डॉक्टर दोनदा म्हणाले.

त्याच आठवड्यात एका दुपारी बायकोला तिसऱ्यांदा धुताना कडकभाऊंच्या मनात आलं, ही आज झोपेतच गेली तर किती बरं होईल. मनात आलं आणि त्यांचे हात थांबले. ती छताकडं बघत होती, तिला काय कळणार? पण त्यांना वाटलं की तिनं ऐकलं. मोरीत जाऊन ते कितीतरी वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. त्या दिवसापासून त्यांना स्वतःची भीती वाटायला लागली, आणि ही भीती सांगायची कोणाला? शेजारच्या शिंपीणकाकूंनासुद्धा नाही, ज्यांना ते एरवी भाजीचा भावही विचारायचे. खाट मिळाली पाहिजे, नाहीतर दोघांतलं कोणीतरी जाणार, एवढंच त्यांना पक्कं कळलं होतं.

आणि मग पाहणीच्या दिवशी या शहाण्यानं काय केलं?

पहाटे उठून घर झाडलं, पुसलं. भोकाची खुर्ची मोरीमागं लपवली आणि तिच्यावर चादर टाकली. बादल्या, चिंध्या, मेणकापड सगळं माळ्यावर गेलं. गादीवर पांढरी चादर घातली, खळ देऊन इस्त्री केलेली, बोट लावलं तर वाजेल अशी. उशीचा अभ्रा तसाच. बायकोच्या गाऊनच्या बाह्यांना त्यांनी धार काढली. खिडकीचा पडदा उतरवून तोही इस्त्री केला. तिचे केस विंचरले, चेहरा पुसला, पायाची नखं कापली. शेवटी स्वतः पांढरा शर्ट घातला, पट्ट्याच्या वरून, असा की पट्टा दिसू नये. मुद्दाम लपवावं असं त्यांच्या मनात नव्हतं. घरातून चुरगळलेली वस्तू परक्याच्या नजरेसमोर जाऊ द्यायची नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. माणूस चाळीस वर्षं चुण्या मोडत आला, की त्याला चुणी दाखवता येत नाही.

पाहणीवाल्या बाई आल्या. खांद्याला पिशवी, चेहरा दमलेला, पण स्वभावानं वाईट नाहीत. बायकोही त्या दिवशी नेमकी खुशीत होती. डावा हात उचलून तिनं "बसा" म्हटलं, अगदी स्वच्छ. बाई खूश झाल्या. जेवण कसं, झोप कशी, औषधं वेळेवर घेते का, पडली होती का, असं त्या विचारत गेल्या आणि कडकभाऊ उत्तरं देत गेले. मग बाईंनी कूस बदलून पाठ बघितली. पाठीवर एकही जखम नव्हती.

"इतके महिने झोपून असलेल्या माणसाची इतकी स्वच्छ पाठ मी दवाखान्यातसुद्धा पाहिली नाही," त्या म्हणाल्या.

झालं. कित्येक महिन्यांत कोणी चांगलं म्हटलं नव्हतं. कडकभाऊंच्या डोळ्यांत पाणीच आलं, आणि त्या भरात सगळं फसलं.

"तुमची काही अडचण?" बाईंनी निघता निघता विचारलं.

"छे, छे. चाललंय आमचं."

"अर्जात तुमच्या ऑपरेशनचं लिहिलंय."

"ते होय? किरकोळ आहे हो."

किरकोळ! जांघेत मूठभर आतडं घेऊन माणूस किरकोळ म्हणतो. पण जीभ घसरली ती घसरली. बाईंनी मान डोलावली, चहा घेतला, चादरीचं कौतुक केलं आणि गेल्या. पुढच्या आठवड्यात केंद्रातून फोन आला. घरी काळजी उत्तम घेतली जाते आहे, तेव्हा खाट सध्या जास्त गरजू घराला दिली आहे, असं नम्रपणे सांगण्यात आलं. कडकभाऊ "बरं, बरं, धन्यवाद" म्हणाले. धन्यवादसुद्धा म्हणाले!

लेकीला कळलं तेव्हा ती फोनवरच रडली. "बाबा, घराला केलीत ती केलीत, पण तुम्ही आईलासुद्धा इस्त्री केलीत."

"अगं, घाण दाखवायची का लोकांना?"

"मग मरा दोघं स्वच्छ," ती म्हणाली, आणि लगेच, "नाही बाबा, तसं नाही, मी दमलेय हो." पलीकडून तिच्या सासूबाईंचं कण्हणं ऐकू येत होतं.

शिंपीणकाकू लेकीसारख्या रडल्याबिडल्या नाहीत. त्या सरळ दारात उभ्या राहिल्या. "ताकाला जाऊन भांडं लपवायचं, आणि वर ताक मिळालं नाही म्हणून रडायचं! भाऊ, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, आणि ते तर सरकारी ऑफिस."

"जमेल तोवर करीन," कडकभाऊ म्हणाले. हे जमेल तोवर फार दिवस टिकलं नाही.

एका सकाळी बायकोला भोकाच्या खुर्चीवर बसवून ते बँकेतल्या कारकुनाचा शर्ट इस्त्री करत होते. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मागोमाग तिचा "आँ" असा घोगरा आवाज. ते धावले. ती खुर्चीवरून घसरत होती. त्यांनी तिला पोटाशी कवटाळलं, वर ओढलं, आणि जांघेत काहीतरी असं तुटल्यासारखं झालं की डोळ्यांपुढं अंधार आला. दोघंही खाट आणि भिंत यांच्या मधल्या बोळकांडीत खाली आली. ती त्यांच्या अंगावर आडवी, गाऊन कमरेवर गेलेला, खुर्ची उलटी आणि फरशीवर सगळं सांडलेलं. कडकभाऊंना हलता येईना. गाठ दगडासारखी झाली होती आणि श्वास घेतला की कळ मस्तकात जात होती.

तेवढ्यात पुढच्या दारातून हाक आली. "कडकभाऊ! शर्ट झाले का?"

तोच कारकून. चार पावलं आत आला असता तर दोघांना उचललं असतं. धडधाकट माणूस होता. कडकभाऊंनी तोंड उघडलं, आणि बायकोच्या उघड्या पायांकडं त्यांची नजर गेली.

"उद्या या!" ते ओरडले. रोजच्या आवाजात.

"अहो, कालही उद्याच म्हणालात!"

"मग परवा या!"

कारकून पुटपुटत गेला. फरशीवर पडल्या पडल्या बायकोच्या छातीतून एक हुंदक्यासारखा आवाज आला. कडकभाऊंनी घाबरून बघितलं, तर ती हसत होती. वाकडं तोंड आणखी वाकडं करून हसत होती. "परवा," ती म्हणाली, "परवा!" आणि हसता हसता तिचं रडणं कधी सुरू झालं ते कळलं नाही. मग दोघंही रडली. तिचा चांगला हात त्यांच्या हाताला लागेना म्हणून त्यांनी तिचा लुळा हातच धरून ठेवला. गाऊन ओढून तिचे पाय झाकायचा त्यांनी प्रयत्न केला, तेवढीही ताकद राहिली नव्हती. आता आपण इथंच संपणार असं त्यांना वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे, संपलो तर बरं असंही वाटलं.

वाचवलं ते इस्त्रीनं. आयुष्यात पहिल्यांदा ती टेबलावर उभी न करता, तशीच शर्टावर ठेवून ते धावले होते. कारकुनाच्या शर्टाला आधी पिवळा डाग पडला, मग तपकिरी, मग धूर निघाला. कापड जळल्याचा वास शिंपीणकाकूंच्या खिडकीत गेला. दुसऱ्या कोणाच्या घरातून तो वास आला असता तर त्यांनी नाक मुरडून खिडकी लावली असती. पण कडकभाऊंच्या घरातून जळक्या कापडाचा वास? काकू मशीन तशीच टाकून धावत आल्या. इस्त्री बंद केली आणि आत येऊन बघितलं. आधी त्यांनी गाऊन खाली ओढला.

दवाखान्यात उताणं झोपवल्यावर गाठ कशीबशी आत गेली. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वेळी जाणार नाही. दहा दिवसांत या. आलाच नाहीत तर मग थेट रात्री-बेरात्री उचलून आणावं लागेल, आणि तेव्हा मी हमी देणार नाही." तोवर पुढच्या खोलीतली इस्त्री बंद, आणि काकू व गल्लीतल्या दोघी पाळीपाळीनं बायकोला उचलायला येऊ लागल्या. तीनच दिवसांत त्यांचीही दमछाक झाली. त्यांनाही घरं होती.

काकूंनी केंद्रात जाऊन काय गोंधळ घातला ते त्यांनाच माहीत, पण पाहणीवाल्या बाई पुन्हा येणार असं ठरलं. आदल्या संध्याकाळी काकूंनी बजावलं, "भाऊ, काहीही आवरायचं नाही. खुर्ची इथंच, बादली इथंच, चादर आहे तीच. आवरलंत तर माझ्याशी गाठ आहे."

"नाही आवरत."

"शपथ?"

"शपथ."

सकाळी बाई यायच्या थोडं आधी बायकोनं अंथरूण खराब केलं. नेमकं तेव्हाच. यापेक्षा खरं दाखवायला आणखी काय हवं होतं? कडकभाऊ धुतलेली चादर हातात घेऊन खाटेशी उभे राहिले. तसंच राहू दे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दहा मिनिटांचा प्रश्न आहे. बाई येतील, बघतील, नाकाला रुमाल लावतील आणि खाट मिळेल. बायकोला कोणीतरी येणार आहे एवढं समजलं होतं. चांगल्या हातानं ती गाऊन खाली ओढायची धडपड करत होती, पुन्हा पुन्हा, आणि नवऱ्याकडं बघत होती.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्यांनी तिला धुतलं, पुसलं, चादर बदलली. उचलायचं नव्हतं म्हणून तिला कुशीवर लोटून लोटून केलं, तरी कळ आलीच. बाई आल्या तेव्हा बायको स्वच्छ चादरीवर, विंचरलेल्या केसांनी पडलेली. दारात उभ्या राहिलेल्या शिंपीणकाकूंनी ते बघितलं आणि कपाळावर हात मारला.

बाई स्टूल ओढून बसल्या. "तब्येत तर चांगली दिसतेय यांची," त्या म्हणाल्या. तेच प्रश्न, तोच क्रम. जेवण, झोप, औषधं. कडकभाऊंना दिसत होतं की सगळं पुन्हा तसंच होणार. थोड्या वेळानं त्या विचारतील, तुमची काही अडचण? आणि आपण म्हणू, चाललंय. तो शब्द त्यांच्या ओठांवर येऊन बसलाच होता.

"बाई," ते मध्येच म्हणाले, "हिचं बघून झालं. हिला आणखी नका बघू." त्यांनी बाईंना पुढच्या खोलीत आणलं आणि मधलं दार लोटलं, बायकोला दिसू नये म्हणून. मग टेबलाशी उभं राहून शर्टाची बटणं काढली. घाईत एक बटण तुटून पडलं. पट्टा सोडला, टॉवेलाची घडी बाजूला केली. "आता माझं बघा. हिच्या पाठीवर जखम नाही, ती का नाही ते बघा."

पट्ट्यानं कमरेभोवती कातडी सोलली होती. बाईंनी प्रश्नांचा कागद खाली ठेवला.

"शेवटचं पूर्ण झोपलात कधी?"

कडकभाऊंना आठवेना. ते खरंच आठवायला लागले, आणि आठवता आठवता त्यांचा बांध फुटला. रडत रडत त्यांनी सगळं सांगितलं. कारकुनाला परवा या म्हटल्याचं, मोरीतल्या पाण्याचं, आणि ती झोपेत जावी असं मनात आल्याचंसुद्धा. दारातल्या काकूंनी तोंड फिरवलं.

"हे मी मागच्याच वेळी विचारायला हवं होतं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "आमच्याकडचे प्रश्न सगळे आजारी माणसाचे असतात. सांभाळणाऱ्याला आम्ही फक्त, काही अडचण, एवढंच विचारतो. आणि सगळे म्हणतात, चाललंय."

खाट मिळाली. पण तीन आठवड्यांची. त्याहून जास्त कोणालाच देत नाहीत. नंतरचे दिवस सकाळी उचलायला एक मदतनीस येईल, मिळाली तर. म्हणजे अर्धी वाट झाली, अर्धी उरलीच. कडकभाऊंनी तेवढीही दोन्ही हातांनी धरली.

न्यायच्या दिवशी त्यांनी तिचे सगळे गाऊन इस्त्री करून दिले. बसूनच केली, हळूहळू. तिला त्यांनी रोज समजावून सांगितलं होतं की थोड्याच दिवसांसाठी जायचंय, मी बरा होऊन न्यायला येतो. ती मान हलवायची आणि विसरायची. गाडी आली, केंद्रातल्या दोन मुलींनी तिला अलगद चाकाच्या खुर्चीत बसवलं. दारापर्यंत ती शांत होती. उंबऱ्यावर तिला एकदम काहीतरी समजलं. निरोप घ्यायला कडकभाऊ वाकले, तशी तिनं चांगल्या हातानं त्यांची कॉलर पकडली.

"अहो," ती म्हणाली. "मी... त्रास नाही देणार."

"अगं, तसं नाही."

"नाही देणार. ठेवा... मला."

हर्निया, ऑपरेशन, तीन आठवडे, कुठला शब्द तिच्यापर्यंत पोचणार होता? न्यायला जाईन तेव्हा ही मला ओळखेल का, हेही त्यांना माहीत नव्हतं. ते तसेच वाकून राहिले. कळ येत होती तरी वाकून राहिले. शेवटी त्या मुलींपैकी एकीनं तिची बोटं एकेक करून सोडवली. गाडी गेली.

शिंपीणकाकू दवाखान्याची पिशवी घेऊन उभ्या होत्या. "शर्ट बदला, भाऊ. कॉलर बघा काय झालीय." टेबलावर इस्त्री होती, अजून कोमट. कडकभाऊंनी तिच्यावर हात ठेवला, आणि काढून घेतला.

"चला," ते म्हणाले.

दवाखान्यात ऑपरेशनआधी परिचारिकेनं त्यांना कपडे बदलायला सांगितलं. शर्ट त्यांच्या हातातून घेत ती म्हणाली, "चांगली घडी घालून ठेवते हं."

"नको," कडकभाऊ म्हणाले. "आहे तसाच ठेवा."